नौशादचाचांची पट्टी

हे मी लिहिणारच नव्हते. तीनदा फोनवर टाइप केलं आणि तिन्ही वेळा पुसून टाकलं, कारण यात चूक माझी आहे. पण काल चाचांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचं कळलं, म्हणून आता एका दमात लिहून टाकते.

नौशादचाचा सौदीत, अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये टर्नर होते. मूळचे श्रीवर्धनच्या बाजूचे, पण छत्तीस वर्षं इथे, एकाच वर्कशॉपमध्ये, एकाच लेथवर. माझे बाबा प्लांटवर इंजिनिअर. ते म्हणतात, शाफ्ट नौशादने बनवला असेल तर परत मोजायचा नाही, त्याला राग येतो. तर असा मापाचा पक्का माणूस. आणि हा माणूस घरी पेडल स्टील गिटार वाजवतो.

नावात गिटार आहे पण ती गळ्यात घालत नाहीत. चार पायांच्या टेबलासारखी समोर उभी असते. वर दहा तारा, खाली पेडलं, आणि मांड्यांच्या आजूबाजूला गुडघ्यांनी ढकलायचे दांडे. डाव्या हातात गुळगुळीत स्टीलचा रूळ, उजव्या बोटांत नख्या. तार वाजत असतानाच पेडल दाबलं की ती आतून ताणली जाते आणि सूर वळत वळत वर जातो. जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यांत गाणारा एक ओळ म्हणून थांबतो, बायको सोडून गेली, आता ट्रक घेऊन चाललोय, असलं काहीतरी, आणि त्या थांबण्यात ही गिटार हळूच बोलते. शेजारी बसलेल्याने नुसतं 'हो रे' म्हणावं तशी.

सत्त्याण्णव साली डेल नावाचा त्यांचा टेक्सासचा फोरमन कायमचा परत गेला. या गिटारचे वाकलेले दांडे चाचांनीच त्याला लेथवर नवे करून दिले होते, म्हणून जाताना तो ती चाचांनाच देऊन गेला. सोबत चाळीस कॅसेटी आणि एक डेक. शिकवणारं कोणी नाही. चाचा कॅसेट लावायचे, थांबवायचे, मागे घ्यायचे, परत लावायचे. अशी अठ्ठावीस वर्षं. लोकांसमोर कधीच वाजवलं नाही.

या सुट्टीत मी पुण्याहून घरी आले तर चाचांचं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं गावी परतणं, लागलेलं. इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, संपत होता, तिकीट आलं होतं. आईने ठरवलं की जायच्या आधीच्या शुक्रवारी आमच्याकडे जेवण, आणि चाचांनी वाजवायचं. ते चक्क हो म्हणाले.

मंगळवारी मी त्यांच्या खोलीवर गेले. ते वाजवत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, मला येतंच. मग मला वाटलं, मूळ रेकॉर्डिंग सोबत लावू, मस्त होईल. फोनवर तेच गाणं शोधलं, लावलं. आणि दोन्ही एकमेकांत बसेचनात. कानाला अक्षरशः टोचत होतं.

"तुझा फोन बिघडलाय गो," चाचा म्हणाले.

मी लगेच फोनवरचा ट्यूनर उघडला. एक मिनिट थांबले असते तर काय बिघडलं असतं. पण नाही.

"चाचा, तुमची सगळी गिटार जवळजवळ अर्धा सूर खाली आहे. चुकीची लावलीय."

चाचा उठले, स्क्रू ड्रायव्हर आणला, डेकचं मागचं झाकण काढलं. आत मोटरच्या पट्ट्याच्या जागी काळी रबरी रिंग होती.

"पंपाची ओ-रिंग," ते म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात बेल्ट तुटला. इथे मिळेना. मीच बसवली." मग ती बोटाने ताणून बघत, "मोटर ओढतेय हिला. टेप हळू चाललीय. मी त्या टेपवर तारा लावल्या."

"चाचा, इतकं काही..."

"अठ्ठावीस वर्षं. आणि मी पोरांना सांगायचो, आधी मोजा, मग हात लावा." त्यांनी गिटारवर चादर टाकली. "शुक्रवारचं राहू दे. आईला सांग, जेवायला येतो."

घरी येऊन मी आईसमोर रडले. आई घरी गाणं शिकवते. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

"दहाही तारा एकमेकींशी जुळल्यात का?" तिने विचारलं.

"हो, पण सगळ्याच खाली आहेत."

"मग चूक काय आहे? तुला सांगायची घाई."

मला परत जायची लाज वाटत होती. बुधवार गेला. गुरुवारी संध्याकाळी आईने तिचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा पिशवीत टाकला आणि मला हाताला धरून नेलं.

"नौशादभाई, चादर काढा. मला एक बघायचंय."

"वहिनी, ते चुकीचं आहे."

"वाजवा तर. मी काय इन्स्पेक्शनला आलेय?"

त्यांनी एक तार छेडली. आई तानपुऱ्याचं बटण अगदी कणकण फिरवत राहिली आणि एका जागी दोन्ही सूर एकमेकांत मिसळले. "काळी दोनच्या जरा वर," ती म्हणाली. "अमेरिकेतली लोकं पांढरी तीन धरत असतील. धरू देत. ही तुमची पट्टी."

"म्हणजे चुकलेलं नाही?"

"माझी पट्टी चाळिशीनंतर अर्धा सूर उतरली, नौशादभाई. मी काय गायचं सोडलं?"

चाचा तानपुऱ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या फोनला सांग, आईकडून शिकून ये." मी सॉरी म्हणाले. ते म्हणाले, "ती पिशवी सरकव, पेडलवर आलीय."

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी वाजवलं. बाबांनी बाजारातून नवीन बेल्ट शोधून आणला होता. चाचांनी तो मापला, चांगला आहे म्हणाले, आणि खिशात ठेवला. डेक ओ-रिंगवरच चालला. गाणारा जरा जड आवाजात, जरा सावकाश गात होता, आणि प्रत्येक ओळीनंतर चाचा त्याला उत्तर देत होते. वर्कशॉपचे चारजण भिंतीला टेकून बसलेले. एकजण हळूच म्हणाला, "उस्ताद, अट्ठाईस साल में बताया नहीं," आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. आई डोळे मिटून म्हणाली, ही तर मींड आहे. मी या वेळी काहीच बोलले नाही.

दोन गाण्यांच्या मध्ये चाचा एकदा थांबले आणि डावा गुडघा दाबला. तेव्हा मला ते थकलेत असं वाटलं. खरं म्हणजे तो गुडघा गेलाय. ही गिटार अर्धी गुडघ्यांनी वाजते, आणि ऑपरेशननंतर तो किती वळेल हे डॉक्टर सांगत नाहीत.

गिटार प्लायवूडच्या पेटीतून समुद्रमार्गे गावी पोचली. डेक चाचांनी मांडीवर ठेवून विमानातून नेला. ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आहे. मी त्याआधी त्यांच्या गावी जायचं तिकीट काढलंय. तुमच्यापैकी कोणी श्रीवर्धनकडे जाणार असाल तर बंदराजवळ नौशाद टर्नरचं घर विचारा, कोणीही दाखवेल. फोनवर मूळ गाणं लावू नका. नुसतं बसा आणि वाजवा म्हणा. पण वीस तारखेच्या आधी जा.