मागून पाहिलेला बोर्ड

माझ्या नाकावर राग असतो, हे घरच्यांचं म्हणणं मला कधीच पटलं नाही. माझं म्हणणं, लोक चुकाच तशा करतात. सत्तरच्या दशकात मी नागपुरात टेलिफोन मेकॅनिक होतो. जाईन तिथे कोणीतरी वायर चुकीची जोडून ठेवलेली असायची आणि ती सरळ करता करता मी त्या अनोळखी माणसाचा मनसोक्त उद्धार करायचो.

अशाच एका दुरुस्तीसाठी अंध मुलांच्या शाळेत गेलो आणि तिथे अडकलो तो अडकलोच. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, माझं काम होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आमची मुलं मॅट्रिक होतात आणि वेताच्या खुर्च्या विणायला बसतात. खुर्च्या वाईट नाहीत हो. पण सगळ्यांनीच का विणायच्या? टेलिफोनचा बोर्ड चालवायला डोळे लागतात का?" मी म्हटलं, लागतात. घरी जाताना सायकलवर विचार केला, तेव्हा लक्षात आलं की लागत नाहीत. तेव्हाच्या लहान कचेऱ्यांमधल्या बोर्डावर प्रत्येक लाइनीचं एक भोक असे आणि त्यावर एक इवलीशी झाकणी. फोन आला की ती झाकणी टक्कन खाली पडे. तो आवाज कानाला कळतो, पडलेली झाकणी बोटाला लागते. मग दोरीची एक पिन त्या भोकात आणि दुसरी पिन ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भोकात. यात बघण्यासारखं काय आहे?

पुढच्या शनिवारी मी भंगारातल्या झाकण्या आणि दोऱ्या पिशवीत घालून शाळेत हजर झालो. सरावासाठी वीस लाइनींचा बोर्ड करायचा ठरला, दहा-दहाच्या दोन रांगा. लाकडी पेटी केली जवळच्या मूकबधिर शाळेतल्या सुतारकामाच्या वर्गानं. त्या पोरांचं काम असं, की सांध्यात नख शिरेना. मी त्यांना कागदावर नंबरांसकट आकृती काढून दिली होती. त्यातल्या एकानं तो कागद पालथा करून खिडकीच्या उजेडात धरला, मग पुन्हा सुलटा केला आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पोरगं टंगळमंगळ करतंय. कागद त्याच्या हातून ओढून घेतला आणि दिलंय तसं कर, असं खुणेनं दटावलं. त्यानं दिलं होतं तसंच केलं.

बोर्डावर शिकायला पहिली आली ती भिवापूरकडची एक मुलगी, मॅट्रिकच्या वर्गातली. भोकांखाली ब्रेलमध्ये नंबर हवे होते, म्हणून तिनंच मला ब्रेलचे आकडे शिकवले. कागद पाटीत अडकवायचा आणि टोच्यानं वरून टोचायचं, म्हणजे ठिपके कागदाच्या दुसऱ्या बाजूला उठतात. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, उलटं, आणि कागद पालथा करून वाचायचं डावीकडून उजवीकडे, सुलटं. मी तीनदा चुकलो आणि तीनदा टोचा आपटला. ती शांतपणे म्हणाली, "सर, टोच्यावर काहून रागावता? तो तं तुम्ही दाबता तिथंच टोचते." एवढं मला माझ्या साहेबानं ऐकवलं असतं तर मी सहन केलं नसतं.

आकडे जमले तसे मी पत्र्याच्या पट्टीवर मागून खिळ्यानं ठोकले, पट्टी पेटीला बसवली, वायरिंग केलं. आणि त्या मुलीनं चार महिन्यांत जे करून दाखवलं, ते पाहून मी माझ्या खात्यातल्या दोन ऑपरेटरांशी बोलणं कमी केलं. एका वेळी सहा झाकण्या पाडल्या तरी कोणती आधी पडली ते तिला ठाऊक असे. वीस लाइनींवर कोण बसतं ते एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नसे. आवाज एकदा ऐकला की माणूस कायमचा ओळखीचा. तिच्या मागून आणखी दोन लहान मुली शिकायला बसू लागल्या आणि त्यांना शिकवायचीही तीच.

तेवढ्यात शाळा संपली. वसतिगृहाचा नियम असा, की मॅट्रिक झालं की खाट सोडायची. नोकरी असेल तर मात्र वर्षभर राहता येई. मुलीची आई तिला न्यायला आली. मिरचीच्या तोड्याला जाणारी बाई, बोलायला सरळ. मला म्हणाली, "गुरुजी, घरी बसून मिरच्यांचे देठ खुडन, तेवढं तिले जमते. आज मी हावो. माह्यामागं हिले कोण पाहीन, हे सांगा मले." मोठ्या बाईंनी मात्र एका कचेरीच्या मॅनेजरांना गळ घातलेली होती. त्यांची ऑपरेटर लग्न करून चालली होती. ते म्हणाले होते, एक तास बसवून पाहतो, जमलं तर ठेवतो, पण मदतीला कोणी बोलायचं नाही. म्हणजे त्या एका तासावर सगळं होतं. जमलं तर नागपूर, नाही तर मिरच्यांचे देठ.

ठरल्या दिवशी ती आणि मी रिक्षानं गेलो. कचेरीतला बोर्ड तसाच होता, वीस लाइनींचा, झाकण्यांचा. मॅनेजर खुर्ची ओढून बाजूला बसले, मी दाराशी उभा राहिलो. पहिली झाकणी पडली. तिनं ती क्षणात हेरली, पिन घातली आणि गोड आवाजात विचारलं, "नंबर?" तिकडून तीन नंबर मागितला. तिनं दुसरी पिन घातली आणि पलीकडून आवाज आला, "आठ नंबर, बोला." तिनं माफी मागितली. दुसरा फोन आला. नऊ मागितला, लागला दोन. मॅनेजरांनी कपाळाला आठी घातली.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी कचेरीतल्या बोर्डाकडे आयुष्यात पहिल्यांदा समोरून पाहत होतो. मेकॅनिक बोर्ड पाहतो तो मागून, जिथे वायरी असतात. माझी आकृतीही मागून दिसणारी होती. खिडकीच्या उजेडात कागद धरून ते सुताराचं पोरगं मला हेच विचारत होतं, की यातली पुढची बाजू कोणती? वर ब्रेलची पट्टी. पालथ्या पत्र्यावर मी एकेक आकडा इमानानं उलटा ठोकला, पण रांग उलटी करायची विसरलो. पट्टी फिरवली तसा एक नंबर उजव्या टोकाला गेला. मागून मला सगळं बरोबर दिसत होतं. माझ्या बोर्डावर एक नंबर उजवीकडे होता, जगातल्या बाकी सगळ्या बोर्डांवर डावीकडे. चार महिने त्या पोरीनं जीव ओतून उलटा बोर्ड पाठ केला होता.

बोलायचं नाही, ही अट होती. खरं सांगतो, अट नसती तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

तिनं पिना काढल्या. उजवा तळवा पहिल्या रांगेवरून एकदा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवला. ओठ जरासे हलले. तिसरी झाकणी पडली, सतरा मागितला, सतरा लागला. त्यानंतर तासभर ती एकदाही चुकली नाही. एकदा चार झाकण्या पाठोपाठ पडल्या, तेव्हा मॅनेजर खुर्चीतून पुढे झुकले आणि तसेच राहिले.

तास संपल्यावर त्यांनी विचारलं, "काम उत्तम आहे. पण सुरुवातीचे दोन नंबर कसे चुकले? शाळेत शिकवलं नव्हतं का?"

हे माझं उत्तर होतं. मी द्यायला हवं होतं. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "शाळेत चांगलं शिकवलं, साहेब. मीच घाबरली होती. माह्यी चूक झाली." मॅनेजरांनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, "चूक कबूल करणारा ऑपरेटर मी अजून पाहिला नव्हता. सोमवारपासून या."

रिक्षा निघाली. मी विचारलं, "तुला कळलं होतं ना, काय झालं ते?"

"दुसऱ्या नंबराले समजलं," ती म्हणाली. "तीनाचा आठ, नवाचा दोन. म्हटलं, रांग पालथी आहे. आम्ही तं रोजच उलटं लिहितो अन् सुलटं वाचतो, सर. एकदा हाताले सांगतलं, का हे वाचायची बाजू आहे, मंग त्याचं त्याले समजते."

"मग माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगतलं असतं, तं साहेब म्हणाले असते, त्या शाळेतला बोर्डच चुकीचा आहे. मंग त्या दोघी लहान पोरींले कोणी बोलावलं असतं का?" मग म्हणाली, "तो बोर्ड सरळ नका करू आता. दुसरा सरळा बनवा. दोन्ही शिकल्या तं कुठंच अडणार नाहीत."

सतरा-अठरा वर्षांची पोर. तिच्या स्वतःच्या पायाखालची जमीन सरकत होती आणि तिला काळजी होती मागून येणाऱ्या दोघींची. मी लोकांच्या चुका काढण्यात उभं आयुष्य घालवलं होतं. मला त्या रिक्षात स्वतःची इतकी लाज वाटली आणि तिचा इतका अभिमान वाटला, की दोन्ही एकदम मावेनात.

वसतिगृहाच्या पायरीवर आई बसली होती. नोकरी लागल्याचं पोरीनं सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. पोरगी कुठं चुकली तं नाही न?"

"नाही, बाई," मी म्हटलं. "ती नाही चुकली. मी चुकलो. बोर्ड मी उलटा बनवला होता आणि साहेबांसमोर गप्प राहिलो. चूक तिनं आपल्या अंगावर घेतली." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं आणि ते ऐकून बाई मला चार शब्द सुनावेल, अशी माझी तयारी होती.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून, काळजीनं म्हणाली, "मंग आता तुमची नोकरी तं राहते न, गुरुजी?"