जबड्यात जबडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि ती गेल्या महिन्यात गेली.

त्या सांजेला मी आणि माझी पोर हौशी, आम्ही दोघांनी बोंबील वाळत घातले. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची. तिचा हात माझ्याहून जलद. "बा, म्हातारा झालास रं!" म्हणून हसली. दहा वर्षांची होती.

पण थांबा. हौशी तेव्हा घरी कशी? तिचं तर लगीन झालेलं. सरकार लहान पोरींची लग्नं बंद करणार, अशी बोलवा उठली, म्हणून घाईनं मीच उरकलं — खाडीपल्याड.

तिथं ती पुढच्या शिमग्याला मेली. ताप, म्हणाले. कसला ताप? मढं न्हाऊ घालणाऱ्या बायांनी पाठीवरचे वळ बघितले. मी कुऱ्हाड घेऊन गेलो नि व्याह्याच्या होडीचा तळ फोडला, त्याच्या डोळ्यांदेखत. तो बोकडासारखा ओरडला. ते ओरडणं अजून गोड लागतं मला. तो मेला, तेव्हा मी गूळ खाल्ला.

गाव मला वाघ म्हणालं. बायकोही. मरेपर्यंत तिचं एकच — "माझी हौशी एकदा जरी पळून आली असती ना, तर कुणाचा बाप न्यायला आला असता तरी सोडली नसती."

आली होती.

बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. हौशी तरीच्या नावाड्याला "आय आजारी हाय" अशी थाप मारून खाडी ओलांडून आली. वळ दाखवले. म्हणाली, "बा, नको धाडू. मी भाकर कमी खाईन." मी म्हटलं, बरं, आधी बोंबील घाल. राहायला मिळालं असं वाटलं तिला — म्हणून हसली ती.

आणि मी कशाला भ्यालो? व्याह्याला? छट्. भाऊबंद हसतील, नांदत नाही पोर म्हणतील — एवढ्यालाच. कुऱ्हाड उचलली ती पण दुसऱ्याच्या होडीवर. घालायची होती ती या हातांवर; हे शाबूत राहिले.

सकाळी, तिची आय यायच्या आत, मी तिला होडीत घातली. पल्याड लागलो. व्याही काठावर उभा होता. तिनं दोन्ही मुठींनी होडीचा दोर धरला. ओरडली नाही, माझ्याकडं बघत राहिली. मी वाकलो, आणि एकेक बोट सोडवलं — बोंबलांची जोडी सोडवतात, तसं.