रंगपटाची गच्ची

सत्तरच्या दशकात सरकारला अधूनमधून संस्कृतीची आठवण व्हायची, आणि एकदा चुकून सोलापूरचीही झाली. आमची नाटकवेडी मंडळी तेव्हा एका तेलुगू विणकराच्या शेडमध्ये तालमी करायची. माग चालू असले की त्या खटखटाटावर आवाज चढवावा लागे. आमचे प्रेमाचे प्रवेशसुद्धा भाडेकरूच्या भांडणासारखे वाटत.

आमचे दिग्दर्शक शाळेत चित्रकला शिकवायचे. खुल्या रंगमंचाला अनुदान मिळावं म्हणून सरांनी मुंबईला इतके खेटे घातले, की अखेर मंजुरी आली. त्यांनी पेढे वाटले. पेढे खाऊन झाल्यावर उलगडा झाला, की मंजूर झालाय तो रंगपट, म्हणजे नटांनी तोंडाला रंग लावायची खोली. रंगमंचाचं नंतर बघू, असं सरकारचं म्हणणं.

टेंभुर्णीचा कंत्राटदार मोकळ्या मैदानावर उभा राहून चक्रावला.

"सर, रंग लावून तुमी जाणार कुटं? म्होरं तर नुसत्या बाभळी हायत की!"

"तुम्ही बांधा हो," सर म्हणाले.

खोली झकास झाली. भिंतभर आरसे, वर पक्का स्लॅब, आणि पाणी सोडून सगळं असलेलं बेसिन. आम्ही तिथं जायचो, आरशात बघायचो आणि तालमीला पुन्हा शेडमध्ये यायचो.

मग निरोप आला, की मुंबईचे साहेब अनुदानाचा विनियोग पाहायला येणार आहेत. त्यांचं मत चांगलं झालं तर रंगमंच मिळेल. पण नाटक दाखवायचं कुठं? सरांनी एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा स्लॅबकडे.

आमच्या नायिकेचं काम करणाऱ्या बाई दवाखान्यात नर्स होत्या. त्या म्हणाल्या, "सर, नऊवारी नेसून मी बांबूच्या शिडीवर चढू? वर कठडासुद्धा नाही. पडले तर?"

"दवाखाना तुमचाच आहे की," सर म्हणाले.

बाई रागारागात चढल्या. मी त्यांचा नवरा झालो होतो. नाटकात मी त्यांना घराबाहेर काढतो, असा प्रवेश होता. साहेब खाली खुर्चीवर, मागं सतरंजीवर अर्धी पेठ. "चालती हो माझ्या घरातून!" मी ओरडलो, आणि बाई दोन पावलं मागं सरल्या. त्यांच्या मागं तिसरं पाऊल टाकायला स्लॅबच नव्हता. मी झडप घालून त्यांचा दंड धरला. पुढचा सगळा प्रवेश मी त्यांना तोंडानं हाकलत होतो आणि हातानं घट्ट धरून होतो. बाईंच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, भीतीचं. शेवटी त्या एकेक पायरी चाचपत शिडीवरून उतरल्या, तेव्हा खाली बायका पदर डोळ्यांना लावत होत्या.

साहेबांनी मला मिठी मारली. "बायकोला हाकलतोय आणि हात काही सोडवत नाही! काय दिग्दर्शन आहे!"

सरांनी संधी साधली. "साहेब, मग आमचा रंगमंच?"

"अहो, तुम्ही उगाच मागणी केलीत. इतका उंच, मोकळा, चारी बाजूंनी दिसणारा रंगमंच तुमच्याकडे आहेच की! ते पैसे नातेपुत्याला देऊ. तिथं बिचाऱ्यांकडे काहीच नाही."

"साहेब, हे छप्पर आहे."

"तेच तर कौतुक!" साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

बाईंनी शिडी उचलून भिंतीला आडवी टाकली आणि घरी गेल्या. आठवडाभर त्या तालमीला आल्या नाहीत. मग सर स्वतः त्यांच्या घरी गेले, आधी कठडा आणि मगच प्रयोग, असा शब्द देऊन आले.

कठड्यासाठी सरकारकडे मागू या, असं आमच्यातल्या एकानं सुचवलं.

"नको," सर म्हणाले. "कठडा मंजूर करतील आणि गच्ची पाडायला लावतील."

आम्ही वर्गणी काढली. पुढची काही वर्षं सोलापूरकरांनी माना वर करून आमची नाटकं पाहिली. नातेपुत्याला काय मिळालं ते विचारायला आमच्यापैकी कुणी गेलं नाही.