स्टुलावरून दिसलेली आरती

कापराचा वास आला की मला देवाआधी आमच्या हॉलमधला स्मोक अलार्म आठवतो. इथे कतारला, दोह्यात देऊळ नाही, म्हणून गणपतीत ओळखीची सगळी बिऱ्हाडं आमच्याकडे जमायची. धुराने अलार्म वाजू नये म्हणून मी स्टुलावर चढून त्यावर शॉवर कॅप धरून उभा.

"भाऊ, बाप्पापेक्षा तुमचंच आसन उंच!" खालून सावंत ओरडायचा.

एका वर्षी निरोपाला सगळे म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर या!" सावंत एकटा गप्प. मला वरून वाटलं, तोंडात मोदक असेल. नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट संपल्याचं त्याने थेट विमानतळावरून कळवलं.

मग एकेक बिऱ्हाड गेलं. काल आरतीला आम्ही दोघंच. शेवटी बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी लवकर या!"

मी कॅप धरून गप्प राहिलो. तिने वर बघितलं.

"तुमचंही संपलं का हो?"