एकही ओरखडा नाही

घड्याळजीनं आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून जपल्या: गिऱ्हाइकांची घड्याळं आणि आईची हिऱ्याची अंगठी. घरात बायकोही होती. पण तिला जपावं लागत नसे, ती आपली आपण टिकायची.

ती एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. सकाळी सातपासून हात सोड्याच्या गरम पाण्यात. लग्न झालं तेव्हा सासूनं स्वतःच्या बोटातली अंगठी काढून तिच्या बोटात घातली, "जप हो," म्हणाली, आणि चौथ्या दिवशी नवऱ्यानं ती मागून घेतली. "सोड्यानं तिची चमक जाईल," तो म्हणाला. हाताचं काय होईल, ते काही बोलला नाही.

तेव्हापासून अंगठी डबीत, डबी कपाटात आणि कपाटाची किल्ली घड्याळजीच्या खिशात. दर रविवारी डबी बाहेर निघे. कोमट पाण्याची वाटी बायकोनं आणायची, मऊ फडकंही तिनंच धरायचं. तो डोळ्याला भिंग लावून लहान मुलांच्या दात घासायच्या ब्रशनं हिरा चोळायचा. मग खड्याला धरून ठेवणारे चार काटे सुईच्या टोकानं एकेक चाचपायचा. "तळहातावरच्या फोडासारखी जपलीय," असं आल्यागेल्याला सांगायचा. खरे फोड आलेले तळहात शेजारीच फडकं धरून उभे असायचे.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा नणंदेनं स्टुडिओत फोटो काढायची टूम काढली. आणि बायकोनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"अहो, फोटोपुरती अंगठी घालू द्या ना. दिसू दे की एकदा माझ्या बोटात."

"फोटोपुरती. लगेच काढायची."

"नाहीतर काय, गिळणार आहे?"

पण पंचवीस वर्षांत बोटाचं पेर सुजून सुपारीएवढं झालं होतं. तिनं साबण चोळला, दात आवळले. "लाव जोर वहिनी, दादासारखी हटून बसलीय मेली!" असं नणंद ओरडली आणि अंगठी पेरापलीकडे सरकली. हात समोर धरून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

स्टुडिओत फोटोग्राफर म्हणाला, "काका, जरा हसा." घड्याळजी हसला, आणि ऐन वेळी त्यानं आपला पंजा तिच्या हातावर ठेवला. पंचवीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदाच. ती चक्क लाजली.

घरी आल्यावर अंगठी निघेना. साबण झाला, खोबरेल झालं. संध्याकाळपर्यंत बोटाचं वांगं झालं.

"दादा, दवाखान्यात ने तिला. कापून काढतात अंगठी, दोन मिनिटांचं काम."

"कापून?" घड्याळजीनं अशा नजरेनं पाहिलं, जणू बहिणीनं आईलाच कापायला काढलंय. "कापलेल्याचा सांधा जन्मभर दिसतो. अडकलेल्या चाकाला घाई करायची नसते. तेलाचा थेंब आणि धीर, बस."

आणि खरंच, त्यानं सुईच्या टोकानं घड्याळाचं तेल अंगठीखाली सोडलं. अगदी हळुवार. त्याच्या हातून आजवर एक चाक मोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बर्फ झाला. हात खुंटीला टांगून झाला.

"अहो, फार ठणकतंय हो."

"ठणकतंय म्हणजे जिवंत आहे. धीर धर."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "आता नाही ठणकत."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?"

नणंद आली, बोट बघितलं आणि भावाला शिव्या घालत तिला रिक्षात कोंबून दवाखान्यात घेऊन गेली. घड्याळजी मागोमाग पोचला. डॉक्टरीणबाईंनी काळ्या पडलेल्या बोटाला टाचणी टोचली. तिला कळलंही नाही.

"बोट गेलंय काका. काढावं लागेल. आधी अंगठी कापून घेते."

घड्याळजीनं वाकून अंगठी निरखली. मग गिऱ्हाइकाला पटवावं तशा समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, बोट जाणारच असेल, तर मग अंगठी कशाला कापायची?"

बायको समोरच बसली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "ते म्हणतात तसं करा."

पुढच्या रविवारी डबी पुन्हा बाहेर निघाली. कोमट पाणी आलं, फडकं आलं. त्यानं चारी काटे चाचपले. "एकही ओरखडा नाही!" त्याचा आवाज आनंदानं भरून आला होता.

त्याच सकाळी नणंद फोटो ठेवून गेली होती, भावाशी एक अक्षर न बोलता. बायकोनं तो उजव्या हातानं उजेडात धरला. ती लाजलेली, तो हसलेला, आणि तिच्या बोटांवर त्याचा रुंद पंजा. अंगठी कुठेच दिसत नव्हती.

"अहो, हात का झाकलात माझा?"

"अगं, फोटो दुकानाच्या काचेत लावतात ते लोक. उद्या एखाद्या चोरानं बघितली असती म्हणजे?" त्यानं डोळ्याचं भिंग काही काढलं नाही. "फडकं नीट धर. निसटतंय."

चार बोटांत धरायची तिला अजून सवय झाली नव्हती.