कात्रीने कापलेल्या गोळ्या

एसीचे डक्ट बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात त्यांना सगळे कंपाउंडर म्हणत. मूळ काम पत्रा कापायचं, एकोणतीस वर्षं. पण कुणी शिंकलं की त्यांच्या खणातून डबा निघायचा. आत सुट्या गोळ्या. स्ट्रिप आणली की ते पत्र्याच्या कात्रीने तिचे चौकोन कापून ठेवत. त्यात औषधाचं नाव मधोमध कापलं जाई.

"नाव कशाला हवंय? पत्रिका जुळवायचीय का?" असं म्हणून ते गोळी हातावर ठेवत.

वेल्डर सर्दी-तापाने आजारी पडला तेव्हा मोठी ऑर्डर अंगावर होती. कंपाउंडरनी दर दोन तासांनी गोळी देऊन त्याला चार दिवस उभं ठेवलं. पाचव्या दिवशी तो ओकायला लागला. डोळे पिवळे झाले. त्याला दवाखान्यात नेलं, मीही सोबत होतो.

सकाळी नर्सने विचारलं, "कामावर काही घेतलं का?"

"एखाददुसरी सर्दीची," कंपाउंडर म्हणाले.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई आल्या. वेल्डरच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, घरची तापाची गोळी आणि खोकल्याचं औषध पुढे केलं. कंपाउंडरनी खिशातला चौकोन दिला. त्यावर तीनच अक्षरं होती. खालच्या मेडिकलवाल्याने ती गोळी ओळखली.

"तिन्हींत तापाचं तेच औषध आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सर्दीची म्हणून घेतली तरी ती त्यातच मोजायची. प्रमाण वाढलं की यकृत खराब होतं. नक्की किती दिल्या? उपचार त्यावर ठरवायचाय."

कंपाउंडरनी एकदा वहिनींकडे पाहिलं.

"वीस. रोज पाच. तो नको म्हणत होता, घरी चालू आहे म्हणाला. मी म्हटलं, ती तापाची, ही सर्दीची. घे मुकाट्याने."

सलाईनमधून उतारा सुरू झाला. वाचेल का, या प्रश्नाला डॉक्टरीणबाईंनी उद्याच्या तपासणीनंतर सांगते म्हटलं. हे सकाळीच कळायला हवं होतं, असंही म्हणाल्या.

बाहेर आम्ही तिघं बाकावर बसलो.

"भावजी, सकाळी एखाददुसरी का म्हणालात?" वहिनींनी कंपाउंडरना विचारलं.

"तुम्ही समोर होतात."

वहिनी उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. मी कंपाउंडरना घरी चला म्हणालो. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि आतल्या दाराकडे बघत बसून राहिले.