मावशीच्या डोक्यावरची ट्यूब

पोलादपूरच्या निम्म्या वाड्यांवर ज्यानं उजेड पोचवला आणि स्वतःच्या घरात मात्र हट्टानं काळोख पाळला, असा माणूस त्रिभुवनात एकच: माझ्या मावशीचे यजमान. काका निवृत्त वायरमन. त्यांच्या घरात एकही दिवा थेट डोळ्याला दिसत नाही. कुणी कपाटामागे, कुणी पत्र्याच्या डब्याची टोपी घातलेला, सगळे पिवळे, सगळे शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्याच्या घरी गेले की आधी ट्यूबकडे पाठ करून खुर्ची वळवणार, मग रामराम. उमरठला एका साखरपुड्यात त्यांनी हॅलोजनच भिंतीकडे फिरवला. मुलीचे मिचमिचे डोळे त्या दिवशी पहिल्यांदा नीट उघडले, फोटोवाला मात्र रागानं न जेवता गेला. बिरवाडीच्या हॉटेलवाल्याला म्हणाले, "चहा गोड हाय तुझा, पण उजेड कडू हाय," आणि कप घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. आमचा समाजसेवा करणाऱ्या तरुणांचा गट आहे, 'घराघरात लख्ख उजेड' ही आमची मोहीम आहे, आणि तिची पत्रकं मीच लिहितो. उद्गारचिन्हांत मी कधी काटकसर केली नाही. लकवा होऊन अंथरुणाला खिळलेली बाई, आणि नवरा तिला काळोखात ठेवतो? आमच्या भाषेत याला अन्याय म्हणतात. म्हणून काका लेकीकडे पनवेलला गेले आणि तीन दिवस मावशीजवळ मी राहिलो, तेव्हा पहिल्याच सकाळी तिच्या पलंगाच्या बरोबर वर चार फुटी पांढरी ट्यूब ठोकली. मावशी म्हणाली, "बरी हाय रे." मी तिचा फोटो काढला आणि महाडला जाऊन पत्रक छापून आणलं: 'अखेर या माउलीच्या आयुष्यात प्रकाश!' पावसाळी दिवस, खोली अंधारी, म्हणून ट्यूब दिवसभर चालू. मावशी चालत्या हातानं पदर तोंडावर ओढून पडलेली असायची. मला वाटायचं, किती छान झोपते.

चौथ्या दिवशी काका वीर स्टेशनावरून रिक्षानं आले. दारातूनच त्यांनी वर पाहिलं, मग पदराकडे. चिडतील म्हणून मी चार मुद्दे तयार ठेवले होते. त्यांनी फक्त पलंगाशेजारी चटई टाकली.

"पड हितं. उताणा."

मी पडलो.

"आता बोल काय ते. डोळे उघडे ठेवून."

पहिलाच मुद्दा निम्म्यात अडकला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तू उभ्यानं उजेड बघतोस," काका म्हणाले. "तिला कूस बदलता येत नाय रे."

त्यांनी ट्यूब बंद केली, कपाटामागचा दिवा लावला. थोड्या वेळानं मावशीनं पदर खाली घेतला आणि मला विचारलं, जेवलास का. तीन दिवस मी तिचे डोळेच पाहिले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

मग तिला पत्रक बघायचं होतं. मी ते मागे लपवत होतो. काकांनी माझ्या हातून घेऊन तिच्यासमोर धरलं. तिनं ते बराच वेळ निरखलं.

"फोटूत डोळे मिटलेत रे माझे."

मी तोंड उघडणार, एवढ्यात काका म्हणाले, "तुझी सवयच हाय ती. लग्नातल्या फोटूत पण मिटलेले हायत."

मावशी खुदकन हसली. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

निघताना पत्रकांचा गठ्ठा कुठे ठेवावा कळेना. बाहेरच्या खोलीत त्यांच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात मावशीचे डोळे चांगले टपोरे उघडे आहेत, आणि काका कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघतायत.